सामाजिक संस्थेसाठी कार्यकारी संचालक शोधायचा आहे : सर्च फर्म कशी निवडावी?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. संस्था नाशिक जिल्ह्यातली, काम पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांत, पाणलोट आणि बचत गटांचं. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशी दुहेरी नोंदणी. ८४ कर्मचारी, वर्षाचा खर्च ६ कोटींच्या आसपास. त्यात साधारण २ कोटी परदेशी देणगी, बाकी सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी) आणि स्थानिक देणग्या. संस्थापक-सचिव येत्या ३१ मार्चला पायउतार होणार आहेत. त्यांच्या जागी पगारी कार्यकारी संचालक नेमायचं ठरलंय, पगार वर्षाला ३० लाखांपर्यंत.

असा माणूस शोधून देणाऱ्या तीन सर्च फर्मचे प्रस्ताव आलेत. पहिली पहिल्या वर्षाच्या पगाराचा एक तृतीयांश मागते, तीन हप्त्यांत. दुसरी २५ टक्के, तेही हप्त्यांत. तिसरी ८.३३ टक्के म्हणते आणि माणूस रुजू झाल्यावरच पैसे घेते. सात विश्वस्तांपैकी चौघांचा कल तिसरीकडे आहे. फर्म निवडताना नेमकं काय तपासायचं, आणि खरंच फर्म लागते का, हे दोन प्रश्न.

सह्यकडा
८.३३ टक्के म्हणजे एक महिन्याचा पगार, प्लेसमेंटवाल्यांचा नेहमीचा दर. ही पद्धत हिशेबनीस, एमआयएस अधिकारी, प्रकल्प समन्वयक अशा पदांना चांगली चालते. तिथे नोकरी शोधणारी माणसं बाजारात असतात आणि फर्मकडे त्यांचे बायोडाटे तयार असतात. तुम्हाला हवा असलेला माणूस आज दुसऱ्या संस्थेत नीट काम करतोय आणि नोकरी शोधत नाहीये. त्याला हुडकायचं, दोन-तीनदा बोलायचं, मन वळवायचं, यात दोन-अडीच महिने जातात. रुजू झाल्यावरच पैसे मिळणार असतील तर कोणतीही फर्म एवढा वेळ एका पदावर घालत नाही. तेच पाच बायोडाटे ती आणखी चार संस्थांना पाठवते. शिवाय तिला पैसे तुम्ही ‘हो’ म्हटल्यावरच मिळतात, त्यामुळे ‘हा माणूस घेऊ नका’ असं सांगणं तिला परवडत नाही.

रिटेनरवर, म्हणजे सुरुवातीपासून हप्त्यांत फी घेऊन, काम करणारी फर्म साधारण साठ ते शंभर जणांशी संपर्क करते, वीसेकांशी सविस्तर बोलते आणि चार ते सहा नावं समोर ठेवते. या पदाला रिटेनरच घ्या. एक तृतीयांश हा जुना प्रचलित दर आहे, पण सामाजिक क्षेत्रात २० ते २५ टक्क्यांवर घासाघीस होते. टक्क्यांऐवजी ठरावीक रक्कम मागून बघा. पगार ३० चा ३४ झाला म्हणून फर्मचं काम वाढत नाही, आणि पगार चढवण्यात तिचा फायदाही उरत नाही.

खतावणी
आकडे आधी मांडते, कारण विश्वस्तांसमोर प्रस्ताव जातात ते जीएसटी वगळून.

३० लाख धरले तर एक तृतीयांश म्हणजे १० लाख, १८ टक्के जीएसटी धरून ११.८० लाख. २५ टक्क्यांचे ७.५० लाख, करासह ८.८५ लाख. ८.३३ टक्क्यांचे २.५० लाख, करासह २.९५ लाख. संस्था धर्मादाय आहे म्हणून फर्मच्या बिलावरचा जीएसटी माफ होत नाही, आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. प्रवास, राहणं आणि पार्श्वभूमी तपासणीचा खर्च वेगळा लागतो. त्यावर कमाल मर्यादा लिहून घ्या. टीडीएस कापायला विसरू नका. नाही कापला तर आयकराच्या हिशेबात त्या खर्चाचा ३० टक्के भाग उपयोजनात, म्हणजे संस्थेच्या कामावरच्या खर्चात, धरला जात नाही.

आता खरी अडचण. हे पैसे कुठून देणार? एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खात्यातून द्यायचा विचार असेल तर थांबा. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. २ कोटी आले तर ४० लाख. एफसीआरएच्या नियमांत व्यवस्थापनासाठी माणसं नेमण्याचा खर्च आणि त्यांचा पगार, दोन्ही प्रशासकीय खर्चातच मोजतात. आत्ता ३४ लाख खर्च होत असेल तर ८.८५ लाखांचं एक बिल तुम्हाला ४२.८५ वर नेतं. नव्या संचालकाच्या पगारातला जो वाटा त्या खात्यातून जाईल तो दरवर्षी याच मर्यादेत बसवावा लागणार. सीएसआरच्या प्रकल्पातही अंदाजपत्रकात तशी ओळ नसेल तर हात लावू नका. स्थानिक सर्वसाधारण देणगी वापरा, नाहीतर संस्था बळकटीकरणासाठी एखाद्या फंडरकडून वेगळं अनुदान मागा. नेतृत्वबदल हे कारण अनेक फंडरना पटतं.

शिवारफेरी
खतावणीताई, सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांचीच मुभा आहे ना? मग तिथून काही निघणारच नाही.

खतावणी
@शिवारफेरी, ही गल्लत फार होते. ते ५ टक्के कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला लागू आहेत. संस्थेला प्रकल्पात किती व्यवस्थापन खर्च द्यायचा हे करारात ठरतं. कंपनीचा अधिकारी ५ टक्के पुढे करून तुमची ओळ खोडत असेल तर नियम दाखवा आणि बोला.

पायवाट
वाचनखूण साठवली.

रानजाई
माझं मत वेगळं आहे. ६ कोटींच्या संस्थेला फर्म लागत नाही. तीन विश्वस्त आणि बाहेरचे दोन जाणकार अशी पाच जणांची शोध समिती करा. जाहिरात डेव्हनेटजॉब्सइंडिया आणि अर्थनसारख्या सामाजिक क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर द्या. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था इर्मा यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या जाळ्यात फिरवा. कंपनीतून या क्षेत्रात येऊ पाहणारे अनुभवी लोक आयएलएसएससारख्या नेतृत्व कार्यक्रमांतून भेटतात. समितीला एक अर्धवेळ समन्वयक द्या, पाच महिन्यांसाठी, महिना ४० हजार. म्हणजे २ लाख. जाहिराती, प्रवास, तपासणी धरून सगळं ४ लाखांत बसतं. उरलेले पावणेपाच-पाच लाख गावात खर्च होतील, दोन-तीन सिमेंट बंधाऱ्यांचा गाळ निघेल.

सह्यकडा
@रानजाई, समन्वयकाची कल्पना उत्तम आहे. पण जाहिरात वाचून अर्ज करतो तो आधीच नोकरी शोधत असतो, आणि तुम्हाला हवा तो माणूस बहुतेक वेळा अर्जच करत नाही. विश्वस्तांनी स्वतः फोन करावा म्हटलं तर नाशिक-पुण्यातलं वर्तुळ छोटं. शेजारच्या संस्थेच्या उपसंचालकाला तुमच्या विश्वस्तानं फोन केला की संध्याकाळपर्यंत तिथल्या संचालकांना कळतं आणि दोन संस्थांचे संबंध बिघडतात. हे संबंध पाणलोटाच्या कामात रोज लागतात. त्रयस्थानं फोन करणं याचीच ती किंमत आहे.

दुसरं, समितीतल्या विश्वस्तांचे तास कोणी मोजत नाही. साठ जणांशी प्रत्येकी पाऊण तास म्हणजे ४५ तास, नुसते फोनचे.

रानजाई
गुप्ततेचा मुद्दा मान्य. मग मधला रस्ता घ्या. काही फर्म कामाचे तुकडे करून देतात. बाजार धुंडाळून नावांची यादी करणं आणि शेवटी रेफरन्स तपासणं एवढंच त्यांना द्यायचं, मुलाखती समितीनं घ्यायच्या. पूर्ण रिटेनरच्या निम्म्याच्या आत बसतं. मात्र यादी कुणाच्या मालकीची ते आधी लिहून घ्या, नाहीतर पीडीएफमध्ये नुसती नावं मिळतात आणि कुणाशी काय बोलणं झालं ते फर्मकडेच राहतं.

मसुदा
यादीचा तक्ता कसा असावा ते सांगतो. उमेदवार क्रमांक, सध्याचं पद, संस्थेचा वार्षिक खर्च, हाताखालची माणसं, संपर्काची तारीख, उत्तर काय आलं, नकार असेल तर कारण, सध्याचा पगार, नोटीस पीरियड, मराठी कितपत. दर पंधरवड्याला हा तक्ता अद्ययावत होऊन आला पाहिजे. ‘नकाराचं कारण’ हा रकाना सगळ्यात जास्त शिकवतो. वीसपैकी बाराजण ‘संस्थापक अजून तिथेच राहणार आहेत का?’ असं विचारून मागे सरले तर अडचण तुमच्या घरात आहे, पगार वाढवून ती सुटत नाही.

नावांऐवजी क्रमांक का, तर सात विश्वस्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बायोडाटा पडला की तो बाहेर जातोच. माणसाची चालू नोकरी धोक्यात येते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही आहे. नाकारलेल्या उमेदवारांची माहिती किती दिवसांत नष्ट करणार हे फर्मला विचारा.

पाटाचं पाणी
फर्म निवडायची म्हणजे खरं तर फर्ममधला माणूस निवडायचा. सादरीकरणाला भागीदार येतात, छान बोलतात, आणि करार झाला की फोन करायला दोन वर्षं अनुभवाची मुलगी किंवा मुलगा बसतो. म्हणून पहिल्या बैठकीत हे विचारा :

उमेदवाराशी पहिलं बोलणं कोण करणार? तो किंवा ती आत्ता याच बैठकीत आहे का? त्यांच्या हातात सध्या किती शोध चालू आहेत? पाच-सहाच्या वर असतील तर तुमच्या वाट्याला आठवड्याचे काही तासच येतील. गेल्या तीन वर्षांत सामाजिक संस्थांत प्रमुखपदं किती भरली, आणि त्यांतले किती जण १८ महिन्यांनंतर त्याच पदावर आहेत? किती शोध अर्धवट सुटले? याचं उत्तर ‘एकही नाही’ असं आलं तर आणखी खोदा.

आणि कान देऊन ऐका, की फर्म *तुम्हाला* काय विचारते. चांगली फर्म पहिल्याच भेटीत संस्थेची घटना (नियमावली) मागते, शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागते, संस्थापक नंतर कुठे बसणार हे विचारते, कोणता फंडर त्यांच्या नावावर पैसे देतो हे विचारते. पगार आणि रुजू होण्याची तारीख एवढंच विचारून प्रस्ताव पाठवणारी फर्म बायोडाटे पाठवील.

माळरान
घटनेचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो, मराठी संस्थांमध्ये शोध इथेच फसतो. बहुतेक घटनांमध्ये दैनंदिन कारभाराचे अधिकार सचिवाला असतात. धनादेशावर सह्या सचिव आणि खजिनदाराच्या. त्यात ‘कार्यकारी संचालक’ हा शब्दच नसतो. वर्षाला ३० लाख घेणारा माणूस येतो आणि २५ हजारांच्या पंपदुरुस्तीसाठी सचिवांच्या सहीची वाट बघत बसतो. सहा महिन्यांत निघून जातो आणि दोष फर्मवर येतो.

शोध सुरू करायच्या आधी कार्यकारिणीचा ठराव करा : संचालकाला किती रकमेपर्यंत स्वतःच्या अधिकारात खर्च, नेमणूक आणि बडतर्फीचा अधिकार कोणत्या श्रेणीपर्यंत, बँकेत सही, फंडरशी करार कोण करणार. हा ठराव फर्मला द्या, ती उमेदवाराला दाखवील. संचालकाला कार्यकारिणीवरही घ्यायचं असेल तर घटनेत पगारी सदस्याची तरतूद आहे का ते बघा, आणि नेमणुकीनंतर ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. एफसीआरएच्या नोंदीत मुख्य पदाधिकारी बदलत असेल तर एफसी-६ई हा अर्ज, ४५ दिवसांत.

शिवारफेरी
संस्थापकांना निवड समितीत घ्यावं का? त्यांना वगळलं तर अपमान वाटेल, घेतलं तर ते आपल्यासारखाच माणूस शोधतील.

पाटाचं पाणी
जबाबदाऱ्यांचा मसुदा करताना त्यांच्याशी दोन तास बोलणं फर्मनं केलंच पाहिजे, त्यांच्याइतकं काम कुणालाच माहीत नाही. शेवटच्या दोन उमेदवारांबरोबर त्यांनी एक दिवस गावात फिरावं. मतदान मात्र नाही.

माळरान
असहमत. मत द्यायचं नाही असं सांगून त्यांना सगळ्या गावांत फिरवलं तर त्यांचं मत गावभर होतंच. त्यापेक्षा पाचांपैकी एक मत द्या आणि इतिवृत्तात लिहून ठेवा, निर्णय बहुमतानं.

करवंद
जबाबदाऱ्यांच्या मसुद्यात ‘मराठी येणे इष्ट’ असं लिहू नका, ‘आवश्यक’ लिहा. मुंबई-बंगळुरूच्या फर्म इंग्रजी अर्जावर माणूस जोखतात. पेठ-सुरगाण्यात बायका कोकणा बोलीत बोलतात. संचालकाला ती यायलाच हवी असं नाही, पण बैठकीत दुभाष्याशिवाय बसता आलं पाहिजे. पहिल्या चाळणीतलं पाऊण तासाचं बोलणं मराठीतच व्हावं, म्हणजे फर्मचा बोलणारा माणूसही मराठी हवा. आणि फर्मच्या माणसानं दोन दिवस येऊन राहावं. जुलैत बोलवा, पेठचा पाऊस बघून जो दुसऱ्या दिवशीही बैठकीला येईल त्याला आपलं काम समजेल :)

मसुदा
आता करार. फर्मच्या छापील मसुद्यातली ही ओळ बघा, थोड्याफार फरकानं सगळीकडे असते : ‘सर्व देयके १५ दिवसांत अदा झाली असल्यासच बदली उमेदवाराची हमी लागू राहील.’ संस्थेत धनादेशावर दोन सह्या लागतात, त्यातला एक विश्वस्त मुलाकडे अमेरिकेत गेलेला असतो. सोळाव्या दिवशी पैसे गेले की, माणूस सोडून गेला तर दुसरा देण्याची वर्षभराची हमी संपली. ४५ दिवस करून घ्या.

हमी रिटेनरवर सहा ते बारा महिने मिळते. बाराच मागा, कारण मार्चअखेर, लेखापरीक्षण आणि पावसाळा हे सगळं एकदा पार पडल्याशिवाय संचालक टिकला की नाही कळत नाही. बदली माणूस देताना फी नाही, फक्त प्रत्यक्ष खर्च.

हप्ते : पहिला सहीला. दुसरा ‘शॉर्टलिस्ट दिल्यावर’ असं असतं, ते ‘किमान चार नावांची शॉर्टलिस्ट समितीनं लेखी स्वीकारल्यावर’ करा. तिसरा ‘ऑफर स्वीकारल्यावर’ असेल तर ‘रुजू झाल्यावर’ करा. वरच्या पदांना ९० दिवसांचा नोटीस पीरियड असतो. तेवढ्यात जुनी संस्था पगार वाढवून थांबवते. तिसरा हप्ता अडकलेला असेल तर फर्म त्या तीन महिन्यांत दर आठवड्याला उमेदवाराशी बोलत राहते.

फी कोणत्या पगारावर? ‘एकूण सीटीसी’ असेल तर भविष्यनिर्वाह निधीतला संस्थेचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा सगळं धरलं जातं. स्थिर रोख पगारावर ठरवा. आतलाच कर्मचारी निवडला गेला तर काय? पूर्ण फी मागतात. दुसऱ्या हप्त्यावर हिशेब संपवा.

सह्यकडा
मसुदाभाऊंनी जवळपास सगळं घेतलं. एक राहिलं : कुंपण. फर्म ज्या संस्थांचं काम करते त्यांची माणसं ती एक-दोन वर्षं उचलत नाही. हा चांगला नियम आहे, तुमचंही तसंच संरक्षण मागा, पूर्ण संस्थेसाठी दोन वर्षं. पण याची दुसरी बाजू अशी की सामाजिक क्षेत्रात नावाजलेल्या फर्मचे ग्राहक म्हणजे नेमक्या त्याच मोठ्या संस्था, जिथे तुमचा माणूस बसलाय. म्हणून विचारा, ‘महाराष्ट्र-गुजरातमधल्या पाणी आणि उपजीविकेच्या कोणत्या संस्थांना तुम्ही हात लावू शकत नाही?’ यादी लेखी घ्या. तुमच्या मनातल्या पंधरापैकी आठ त्यात निघाल्या तर ती फर्म कितीही चांगली असली तरी तुमच्या कामाची नाही.

निवडुंग
अवांतर होईल, पण समाजसेवेच्या संस्थेत ३० लाख पगार? गावातल्या कार्यकर्तीला महिना १४ हजार.

माळरान
@निवडुंग, प्रश्न रास्त आहे आणि विश्वस्तांनी तो टाळू नये. ८४ लोकांची जबाबदारी, ६ कोटींचा हिशेब आणि तीन प्रकारच्या कायद्यांचं पालन यासाठी अनुभवी माणूस लागतो, तो त्या पगाराखाली फार काळ राहत नाही. पण कार्यकर्तीचा पगार तिथेच ठेवून वरचा वाढवला तर नव्या संचालकाला पहिल्याच दिवशी लोक तोंडावर विचारतील. दोन्ही श्रेणी एकाच बैठकीत घ्या.

खतावणी
पगार ‘वाजवी’ असल्याचा कागदही ठेवा. आयकर कायदा व्यवस्थापकाला, मग त्याला कोणत्याही नावानं हाक मारा, हितसंबंधी व्यक्तींत धरतो, आणि अशा व्यक्तीला अवाजवी मोबदला दिला तर करसवलत अडचणीत येते. फर्मकडून अशाच आकाराच्या पाच-सहा संस्थांच्या पगाराची तुलना लेखी घ्या आणि ठरावाला जोडा. एखाद्या विश्वस्ताची किंवा नातेवाइकाची सर्च फर्ममध्ये २० टक्के किंवा जास्त भागीदारी असेल तर तीही याच कक्षेत येते. अशा विश्वस्तानं निर्णयाच्या वेळी बाहेर बसावं आणि इतिवृत्तात तसं नोंदवावं.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा छापून विश्वस्तांना दिला. तिसऱ्या फर्मचा विषय मागे पडला. २५ टक्केवाल्यांना कुंपणाची यादी मागितली : आमच्या मनातल्या चौदा संस्थांपैकी तीन त्यात आहेत. एक तृतीयांशवाल्यांच्या यादीत नऊ. २५ टक्केवाल्यांनी ७ लाख ठरावीक रकमेला होकार दिलाय, अधिक जीएसटी. रेफरन्सची तपासणी मात्र ते ‘उमेदवारानं दिलेल्या तीन नावांवर’ करतात. तेवढं पुरेल का?

पाटाचं पाणी
नाही. उमेदवार स्वतःची चांगलीच नावं देणार. किमान सहा जण हवेत : एक जुना वरिष्ठ, एक विश्वस्त, एक फंडर, एक बरोबरीचा, हाताखालचे दोन, आणि त्यातले दोन उमेदवारानं न दिलेले, पण त्याला सांगून. ‘माणूस कसा आहे?’ विचारू नका. विचारा, ‘अनुदान अचानक थांबलं तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी काय केलं?’ ‘त्यांच्या काळात किती वरिष्ठ लोक सोडून गेले, का?’ ‘महिलांच्या तक्रार समितीकडे आलेली तक्रार त्यांनी कशी हाताळली?’ ‘पुन्हा त्यांच्या हाताखाली काम कराल का?’ शेवटच्या प्रश्नाला समोरचा किती वेळ थांबतो ते फर्मनं लिहून द्यावं. संस्थेचं काम शाळकरी मुलांशी येत असेल तर पोलिस पडताळणी वेगळी.

आणि फर्मचेही असेच रेफरन्स घ्या. दोन संस्थांना फोन करा, त्यातली एक अशी, जिथे त्यांनी दिलेला माणूस टिकला नाही. नाव त्यांच्याकडूनच मागा.

मसुदा
७ लाखांना जीएसटीसह ८.२६ होतील. हप्ते २ – २ – ३ लाख असे उलटे ठेवा, शेवटचा मोठा.

खतावणी
तारखा मागून मोजा. ३१ मार्चला संस्थापक जाणार, एक महिना दोघं बरोबर हवेत, म्हणजे नवा माणूस १ मार्चला रुजू. ९० दिवसांची नोटीस धरली तर ऑफर नोव्हेंबरअखेर स्वीकारलेली हवी. शोधाला १४ ते १६ आठवडे, आणि मधे दिवाळी. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात करारावर सही. त्याआधी अधिकारांचा ठराव, पगारश्रेणीचा ठराव, शोध समितीचा ठराव. आज जूनचा शेवट आहे. जुलैच्या बैठकीची सूचना घटनेप्रमाणे किती दिवस आधी द्यावी लागते ते आजच काढून बघा.

गोदाकाठ
पंधरा दिवस. सूचना उद्या टपालात टाकतो.